पोलो ३० मि.मी. खाली: २८ हजारांत बसवलेल्या सस्पेन्शनच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार. कोल्हापूर

गाडी: फोक्सवॅगन पोलो, चाकणची बांधणी, १.२ पेट्रोल, टायर १८५/६० आर १५, धाव ७८,००० कि.मी. सस्पेन्शन कंपनीचं, अजून न उघडलेलं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअब्सॉर्बर आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच खांब. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा पोलादी दांडा), स्प्रिंग वेगळी आणि शॉकअब्सॉर्बर वेगळा.

उद्दिष्ट चारही चाकांवर ३० मि.मी. खाली, दोन-तीन मि.मी. इकडेतिकडे चालतील. खर्चाची मर्यादा २८,००० रुपये, मजुरी घरची. ४५ किंवा ५० मि.मी.चा विचार केलाच नाही. तेवढं उतरायचं तर आखूड शॉकअब्सॉर्बर लागतात, आणि मग हे बजेट पुरत नाही.

आधी मोजमाप. टेप जमिनीपासून लावायची नाही, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत लावायची. टायरमधली हवा आणि फरशीचा उतार दोन्ही हिशेबाबाहेर राहतात. टाकी अर्धी, गाडी रिकामी, हँडब्रेक सोडलेला.

पुढे डावीकडे ३८८, उजवीकडे ३८६
मागे डावीकडे ३९२, उजवीकडे ३९१

पुढच्या दोन्ही शॉकअब्सॉर्बरवर (यापुढे शॉकअप) तेलाचा ओलसर थर आणि त्यावर धूळ. बॉनेट दाबून सोडलं तर गाडी दीड हेलकावा घेऊन थांबते. म्हणजे शॉकअप संपलेत. खाली उतरवायची नसती तरी ते बदलावेच लागले असते. जुन्या शॉकअपवर नवी आखूड स्प्रिंग बसवून पैसे वाचवता येतील असं ज्यांना वाटतं, त्यांची गाडी पहिल्याच खड्ड्यात चेंडूसारखी उडते.

कायद्याचं आत्ताच लिहून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतले बदल आवरतं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) मध्ये परवानगी नसलेल्या बदलाला मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि त्यात सुटे भाग बसवून केलेले बदलही येतात. उंची आरसीवर छापलेली नसते म्हणून मोकळीक आहे, असं धरून चालू नये. मूळ स्प्रिंग तेल लावून, गोणपाटात बांधून ठेवायच्या. विमा कंपनीला लेखी कळवायचं.

७ जानेवारी, रविवार

३० मि.मी. खाली गेल्यावर रस्त्यावर निभाव लागेल का, याचा हिशेब.

कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स १६८ मि.मी. आहे. त्यातून ३० गेले की उरतात १३८.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे गतिरोधक १० सें.मी. उंच आणि ३.७ मी. रुंद असतो, त्याची गोलाई १७ मी. त्रिज्येची. पोलोचा व्हीलबेस सुमारे २.४७ मी., म्हणजे गाडी मधोमध आली की चारही चाकं त्या गोलाईवरच असतात. तेव्हा पोटाखाली लागणारी जागा: १.२३५ चा वर्ग भागिले ३४, म्हणजे जेमतेम ४५ मि.मी. नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर ही गाडी कधीच घासणार नाही.

त्रास देतात ते गल्लीतले अर्धा मीटर रुंदीचे डांबराचे उंचवटे. तिथे चाकं पलीकडे उतरलेली असतात आणि उंचवट्याची सगळी उंची पोटाखाली येते. तो १५ सें.मी. असेल तर १३८ मध्ये बसणारच नाही. रोजच्या वाटेवरचे अकरा उंचवटे पट्टी आणि स्पिरिट लेव्हलने मोजले. सर्वात उंच १२० मि.मी. भरला. रिकाम्या गाडीला १८ मि.मी. उरतात, तेही अगदी सावकाश गेलं तर. चार माणसं बसल्यावर तिथे तिरकं जावं लागेल. ३० ची मर्यादा इथूनच ठरली. गाडी कशी दिसेल हा विचार त्यानंतरचा.

९ जानेवारी, मंगळवार

स्वस्त मार्ग तीन: कंपनीचीच स्प्रिंग कापणं, स्प्रिंग तापवून बसवणं, किंवा तयार लोअरिंग स्प्रिंगचा वापरलेला संच.

तापवणं पहिल्याच फेरीत बाद. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात पाणी देऊन ताकद आणलेली असते. गॅसच्या ज्योतीने लाल केलं की तेवढ्या वेढ्यांतली ती ताकद जाते. गाडी त्या दिवशी सारखी दिसते, मग महिन्याभरात एक कोपरा वेगळा बसतो. शेवटी स्प्रिंग तडकते, तीही तापवलेल्या आणि न तापवलेल्या भागाच्या सीमेवर.

कापण्याचा मात्र हिशेब करून पाहिला, कारण बहुतेक जण तेच करतात आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य. भंगारातून याच मॉडेलची पुढची एक स्प्रिंग आणली. तारेची जाडी ११.५ मि.मी., वेढ्याचा मध्यव्यास १३०, काम करणारे वेढे ४.५, मोकळी लांबी ३४०. पोलादाचा जी (पिळाला होणारा विरोध) ७८,५०० न्यूटन प्रति चौ.मि.मी. धरला तर स्प्रिंगची ताकद, म्हणजे ती १ मि.मी. दाबायला लागणारा जोर, साधारण १७.४ न्यूटन येते. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने तोलायचं वजन सुमारे २,७०० न्यूटन. म्हणजे स्प्रिंग १५५ मि.मी. दबते आणि १८५ वर बसते.

आता एक पूर्ण वेढा कापला तर:

काम करणारे वेढे ३.५, ताकद २२.३, म्हणजे २८ टक्क्यांनी कडक.
मोकळी लांबी ३४० वरून २७८.
वजनाखाली लांबी १५७, म्हणजे गाडी २८ मि.मी. खाली.

२८ मि.मी. हवेच होते, मग वाईट काय? मोकळी लांबी ६२ मि.मी.ने घटली, तिथे. गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण लटकवलं तेव्हा स्ट्रटच्या वरच्या आणि खालच्या बैठकीतलं अंतर ३१० भरलं. मूळ स्प्रिंग तिथेही ३० मि.मी. दबलेली असते, म्हणून जागची हलत नाही. कापलेली २७८ ची स्प्रिंग तिथे ३२ मि.मी. सैल पडेल. चाक खड्ड्यात लटकलं की ती बैठकीवरून फिरेल, आणि परत वजन येईल तेव्हा टोक खाचेत बसेलच असं नाही. टोक तिरकं बसलं की स्प्रिंग वाकते आणि जवळच्या टायरकडे सरकते.

चांगली लोअरिंग स्प्रिंग इथेच वेगळी. तिच्या एका टोकाला दोन-तीन वेढे जवळजवळ चिकटलेले असतात. गाडीच्या वजनाखाली ते पूर्ण मिटून जातात, पण चाक लटकलं की उघडतात आणि स्प्रिंग बैठकीला धरून ठेवतात.

ज्यांना तरी कापायचीच आहे त्यांच्यासाठी: अर्ध्या वेढ्यापलीकडे जायचं नाही. १ मि.मी.च्या कटिंग डिस्कने, मध्ये पाणी मारत, टोक हाताला सोसवेल इतकं गार ठेवून कापायचं. ज्या टोकाचा व्यास लहान होत आत वळलेला असतो ते टोक अजिबात कापायचं नाही, कारण ते काढलं की उरलेला मोठा वेढा बैठकीत मावतच नाही. कापून झाल्यावर चाक लटकवून स्प्रिंग हाताने फिरते का पाहायचं. फिरली तर ती गाडीवर ठेवायची नाही.

निर्णय: वापरलेला लोअरिंग संच, नवे मूळ लांबीचे शॉकअप.

१२ जानेवारी, शुक्रवार

संच मिळाला, ७,५०० रुपये. नवा घेतला असता तर दुपटीहून जास्त गेले असते. वापरलेली स्प्रिंग घेताना बघायचं ते इथे सविस्तर लिहितो, कारण बजेटच्या कामात फसगत याच टप्प्यावर होते.

पहिलं, वेढ्यावर छापलेला क्रमांक वाचता आला पाहिजे. पोलोत पेट्रोल आणि डिझेलच्या पुढच्या स्प्रिंग वेगळ्या असतात, डिझेलचं इंजिन जड म्हणून. डिझेलचा संच पेट्रोलवर लावला तर पुढचा भाग उंचच राहतो आणि मागचा तेवढा खाली बसतो. पैसे गेले आणि गाडी नाक वर करून उभी.

दुसरं, डावी-उजवी जोडी सपाट फरशीवर शेजारी उभी करून उंची मोजायची. ३ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर एक बसलेली आहे. इथे पुढची जोडी ३१४ आणि ३१३. मागच्या जोडीत फरक १ मि.मी.

तिसरं, रंग उडालेल्या जागा तारेच्या ब्रशने घासून भिंगातून पाहायच्या, विशेषतः शेवटचा वेढा बैठकीला घासतो तिथे. नुसता गंज चालतो. गंजाने पडलेला खड्डा चालत नाही, कारण तडा तिथूनच सुरू होतो. कुठे निळसर डाग दिसला तर ती तापवलेली आहे, परत करायची.

३१४ वजा ३१०: चाक लटकलेलं असताना ४ मि.मी. दाब उरतो. कमी आहे, पण स्प्रिंग धरली जाते.

बाकी खरेदी: पुढचे शॉकअप जोडी ७,०००, मागचे जोडी ४,२००, टॉप माउंट (स्ट्रट वर बॉडीला जोडणारी रबरी बैठक) आणि बेअरिंग ३,२००, बंप स्टॉप (चाल संपताना शॉकअपला अडवणारं रबर) आणि धूळ-टोप्या १,८००, एकदाच वापरायचे बोल्ट-नट ९००.

१३ जानेवारी, शनिवार. मागची बाजू

मागून सुरुवात केली, कारण इथे स्प्रिंग कंप्रेसर लागत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी, बॉडीच्या जॅक पॉइंटखाली घोड्या. बीमखाली ट्रॉली जॅक, तो फक्त बीम सावरायला.

क्रम: दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, ब्रेकच्या रबरी नळ्या आणि हँडब्रेकच्या केबलच्या क्लिपा सोडायच्या, मग जॅक हळूहळू उतरवायचा. स्प्रिंग सैल होऊन हातात येते. बीम नळीवर लटकू द्यायचा नाही. नळी ताणलेली दिसली की थांबायचं.

डाव्या शॉकअपचा खालचा बोल्ट आत धरलेला निघाला. बोल्ट बुशच्या (जोडातल्या रबरी कड्याच्या) पोलादी नळीत गंजून चिकटतो, आणि जोर लावला की बोल्टसकट सगळा रबर पिळतो. ज्योत लावायची नाही. शेजारी रबर आहे आणि ब्रेकची नळीही. पेनिट्रेटिंग ऑइल मारून दोन तास सोडलं, मग थोडं घट्ट, थोडं सैल असं आळीपाळीने केल्यावर सुटला. शॉकअप बदलायचाच होता, म्हणून बुशचं नुकसान मनावर घेतलं नाही.

वरखालचे रबरी कप धुऊन, तपासून परत वापरले. स्प्रिंगचं टोक खालच्या कपातल्या खाचेला टेकलंच पाहिजे.

बीम बॉडीला जिथे जोडलेला असतो त्या दोन मोठ्या बुशचे बोल्ट अर्धा फेरा सैल करून ठेवलेत. हे बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही. तो बुश म्हणजे रबर, बोल्टने एका कोनात आवळलेला. जुन्या उंचीला आवळलेला बोल्ट तसाच ठेवून गाडी खाली बसवली तर रबर कायम पिळलेला राहतो. गाडी काही मि.मी. वरच अडते आणि बुश लवकर फाटतो. चाकं जमिनीवर आल्यावर, गाडी चार वेळा दाबून सोडल्यावर, मगच आवळायचे.

१४ जानेवारी, रविवार. पुढची बाजू

काढणं: ब्रेकच्या नळीची आणि एबीएसच्या तारेची क्लिप, स्टॅबिलायझर लिंकचं (गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याच्या जोडाचं) नट, नकलचा (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचा) पकड-बोल्ट. पोलोत स्ट्रट नकलच्या चिरेत बसतो. चीर उघडायला तिचा ठरावीक स्प्रेडर वापरायचा. छिन्नी ठोकली की चिरेची कड उठते आणि नवा स्ट्रट पूर्ण खाली जात नाही. अर्धवट बसलेला स्ट्रट म्हणजे त्या बाजूची उंची आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही चुकले. नकल तारेने बांधून ठेवला. बाहेर लोंबला तर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट निसटतो.

स्प्रिंग कंप्रेसर: दोन पकडी समोरासमोर, प्रत्येकीत जमतील तेवढे जास्त वेढे. आटे साफ करून ग्रीस लावायचं, एकीकडे दोन फेरे, मग दुसरीकडे दोन फेरे, हातानेच. इम्पॅक्ट गन नको. स्प्रिंगच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. स्प्रिंग बैठकीवर सैल हलायला लागली की मगच वरचं नट काढायचं, शाफ्ट एलन कीने धरून. गन लावली तर शाफ्ट गरगर फिरतो आणि नव्या शॉकअपचं सील पहिल्याच दिवशी खराब होतं.

आता बंप स्टॉप. मूळ उंचीला शाफ्ट स्टॉपला टेकायला ४८ मि.मी. बाकी होते. गाडी ३१ उतरली की १७ उरतात. म्हणजे साध्या खड्ड्यातही गाडी रबरावर आपटणार, आणि लोक म्हणणार स्प्रिंग कडक आहे. नव्या स्टॉपचे वरच्या, रुंद टोकाकडून १८ मि.मी. कापले, धारदार सुरीने, साबणाचं पाणी लावून. निमुळतं टोक तसंच ठेवायचं. ते हळूहळू दबत जातं म्हणून धक्का मऊ येतो. आता मोकळी चाल ३५ मि.मी.

स्टॉप कापला की चाक आधीपेक्षा वर जाऊ शकतं, म्हणून टायर कुठे घासतो का हे पाहणं आलंच. स्प्रिंगशिवाय नुसता स्ट्रट बसवून, जॅकने चाक स्टॉप पूर्ण दबेपर्यंत वर नेलं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आतल्या प्लास्टिकपासून सर्वात कमी अंतर ९ मि.मी. पुरे. यापेक्षा रुंद टायर किंवा कमी ऑफसेटची (जास्त बाहेर येणारी) रिम लावायची असेल तर ही चाचणी नव्याने करावी लागेल.

लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचा बोल्टही गाडी जमिनीवर आल्यावरच आवळला. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर.

संध्याकाळी मोजमाप: पुढे ३६२ आणि ३६१. मागे ३५२ आणि ३५१. मागचा भाग ४० मि.मी. खाली गेला. वापरलेल्या मागच्या स्प्रिंग थोड्या बसलेल्या आहेत. जोडी सारखी बसली म्हणून १२ तारखेच्या मोजणीत ते पकडता आलं नाही. नव्या स्प्रिंगची मोकळी लांबी हाती असती तर तिथेच कळलं असतं.

१६ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीनंतर उद्यमनगरात लेथ मिळाला. मागच्या वरच्या रबरी कपाच्या वर बसतील अशा नायलॉनच्या दोन चकत्या काढल्या, मध्ये कपाचा खुंट जाईल एवढं भोक.

जाडी किती, हा प्रश्न. मागची स्प्रिंग चाकाच्या पुढे आहे. बीमच्या बुशपासून स्प्रिंगचा मध्य ३६० मि.मी., चाकाचा मध्य ४७०. गुणोत्तर ०.७७. चाकाशी ८ मि.मी. हवेत तर स्प्रिंगपाशी ८ गुणिले ०.७७, म्हणजे ६ मि.मी. हे ध्यानात न घेता ८ ची चकती घातली असती तर मागचा भाग १० हून जास्त उचलला गेला असता.

६ मि.मी. नायलॉन, दोन्हींचे ४०० रुपये. लाकूड किंवा थरांचं रबर घालायचं नाही. एक चेपतं, दुसरं सरकतं. बसवल्यावर मागे ३६० आणि ३५९.

२० जानेवारी, शनिवार. १५० कि.मी. नंतर

पुढे ३५७ आणि ३५५, मागे ३५९ आणि ३५८. नव्या टॉप माउंटचं रबर बसलं, पुढचा उतार त्यामुळे. पुढे ३१, मागे ३३. थांबलो.

एक आवाज होता. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की डावीकडून ‘टण्‌’. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीच्या खाचेपासून बोटभर मागे होतं. स्टिअरिंगबरोबर स्प्रिंग पीळ साठवत होती आणि मग एकदम सुटत होती. स्ट्रट परत काढून टोक खाचेला भिडवलं. आवाज गेला. जुळवणी करताना टोकाशी खडूची रेघ मारून ठेवली तर हे दुबार काम टळतं.

२७ जानेवारी, शनिवार. अलाइनमेंट

स्प्रिंग बसेपर्यंत थांबूनच केलं. त्याआधीचे आकडे लगेच बदलतात आणि पैसे वाया जातात.

आलेले आकडे: पुढचा एकूण टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बाहेरच्या बाजूला २२ मिनिटं (६० मिनिटं म्हणजे १ अंश). कॅम्बर डावीकडे उणे १ अंश १८ मिनिटं, उजवीकडे उणे ४८ मिनिटं.

पोलोत कॅम्बरसाठी वेगळा बोल्ट नसतो. सबफ्रेमचे (लोअर आर्म जिला जोडलेले असतात त्या खालच्या चौकटीचे) बोल्ट सैल करून ती आडवी सरकवली की एका बाजूचा कॅम्बर जितका कमी होतो तितका दुसऱ्या बाजूचा वाढतो. बेरीज तीच राहते. मशीनवरच्या माणसाला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर ‘ॲडजस्ट होत नाही’ म्हणून तो नुसता टो लावून देतो. सरकवल्यावर उणे १ अंश ५ आणि उणे १ अंश १. मग टायरॉडने (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याने) टो आतल्या बाजूला १० मिनिटं. मागचा बीम ठरीव आहे, तिथे फक्त आकडे पाहायचे.

टो तसाच २२ मिनिटं बाहेर राहिला असता तर टायरची आतली कड खाल्ली गेली असती, आणि दोष कॅम्बरला लागला असता. खाली उतरवलेल्या गाड्यांचे टायर आतून खातात ते बहुतेक वेळा टोमुळे.

हेडलाइट: भिंतीपासून १० मीटरवर सपाट जागी गाडी उभी करून प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सें.मी. खाली आणली.

२८ जानेवारी, रविवार. पन्हाळ्याची चढण

चार माणसं, टाकी भरलेली. पुढच्या शाफ्टवर धूळ-टोपी वर सरकवून एक बारीक केबल टाय गच्च बांधली होती. शाफ्ट जितका आत जाईल तितकी ती सरकते आणि तिथेच राहते. दोन्ही बाजूंना सर्वात जास्त ४१ मि.मी. म्हणजे ३५ मोकळे संपून स्टॉपमध्ये ६ मि.मी. धक्का जाणवला नाही. स्टॉप मूळ लांबीचा ठेवला असता तर २४ मि.मी. आत गेला असता.

वळणांवर कलणं कमी झालंय, पण जितकं वाटतं तितकं नाही. लोअर आर्म आता जवळजवळ आडवे आहेत. अजून उतरवलं तर बाहेरचं टोक वर जाईल, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली घसरेल. त्यामुळे ५०-६० उतरवलेली गाडी दिसते शर्यतीची आणि वळणात जास्त कलते. या गाडीसाठी ३० च्या आसपास थांबणं योग्य होतं.

पोट एकदाच लागलं, पायथ्याच्या गल्लीतल्या उंचवट्यावर, भरल्या गाडीत. खालच्या प्लास्टिकवर ओरखडा.

१० फेब्रुवारी, शनिवार. १,१०० कि.मी. नंतर

सगळे बोल्ट पुन्हा तपासले. लिंकचं उजवं नट पाव फेरा आलं, बाकी जागचे जागी. उंचीत फरक नाही. बुशला चिरा नाहीत, नवे शॉकअप कोरडे. पुढच्या टायरची खोली आत, मध्ये, बाहेर सारखी.

खर्च: स्प्रिंग ७,५००, शॉकअप ११,२००, माउंट-बेअरिंग ३,२००, स्टॉप-टोप्या १,८००, बोल्ट ९००, चकत्या ४००, अलाइनमेंट सबफ्रेमच्या कामासह १,४००, तेल-डिस्क-किरकोळ २५०. एकूण २६,६५०. यातले १४,४०० शॉकअप आणि माउंटचे.

उरलेल्या १,३५० मधून खालच्या प्लास्टिकच्या तुटलेल्या दोन क्लिपा घ्यायच्या. पुढची तपासणी ५,००० कि.मी.ला: टायरची आतली कड, बीमचे बुश, नायलॉनच्या चकत्या.